धुतलेलं ताट

वेळ दुपारची, एक वाजून दहा मिनिटं. तारीख सहा मे. ठिकाण लातुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा तिसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड, खाट क्रमांक सात. बाहेर बेचाळीस अंश ऊन, आत तीन पंखे, त्यातले दोन चालू.

अयोध्याबाई जेवणाची गाडी ढकलत आली. तिनं सात नंबरच्या टेबलावर ताट ठेवलं आणि वरची स्टीलची झाकणी काढली. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. खाटेवरचा म्हातारा डोळे मिटून पडला होता.

"आज्जा, उठा. गरम हाय तवर खाऊन घ्या."

"माझं झालंय," गुरुबसप्पा म्हणाले.

"कवा झालं? मी आत्ता आणून राहिले की."

"झालंय म्हनलं ना." आणि त्यांनी ढेकर दिला.

खाटेच्या पायथ्याशी त्यांची मुलगी रुद्राणी उभी होती. तो ढेकर भरल्या पोटाचा होता, आणि त्याला वास होता. वेलदोडा, गूळ, शिजलेला गहू, वर तूप. हुग्गीचा वास. लातूर-उदगीरकडच्या लिंगायतांच्या घरात सणाला गव्हाची ही खीर होते आणि तिचा वास कुणालाही लपवता येत नाही. पण रुग्णालयात हुग्गी कुठून येणार? अप्पांच्या पोटात तीन दिवसांत घोटभर चहाशिवाय काही गेलेलं नव्हतं, हे रुद्राणीला पक्कं ठाऊक होतं. रजा टाकून ती रात्रंदिवस इथंच बसून होती.

रुद्राणी एसटीच्या लातूर आगारात चौकशीच्या खिडकीवर बसायची. वय चोपन्न. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, का उशिरा, हे दिवसभर लोकांना सांगणं हे तिचं काम. लग्न मोडून अठरा वर्षं झाली होती. घरात ती आणि अप्पा, दोघंच. अप्पांचं वय एक्क्याऐंशी. किल्लारीत त्यांची खानावळ होती. त्र्याण्णवच्या भूकंपात ती गेली, बायको गेली, आणि ते एकटे ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. तेव्हापासून लेकीकडे. माणूस खाणारा होता. दोन ज्वारीच्या भाकरी, आमटीचा वाडगा, वर दही. आणि जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं ताट खळखळून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया जायला नको, ही जुन्या लिंगायत माणसांची शिस्त. एप्रिलच्या शेवटी न्हाणीत घसरून पाठीच्या मणक्याला मार लागला म्हणून अप्पा इथं आले. पहिले चार दिवस त्यांनी रुग्णालयातलं बेचव जेवणसुद्धा याच शिस्तीनं संपवलं होतं. अयोध्याबाई तेव्हा हसायची, "तुमचं ताट घासायचं आमाला कामच ठेवलं न्हाई, आज्जा."

आणि आता माणूस ताटाकडे बघतसुद्धा नव्हता.

रुद्राणीनं डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, आणि वाईट नव्हते. त्यांनी तीच यादी म्हणून दाखवली जी सगळीकडे म्हणून दाखवतात. उतारवयात जिभेची चव जाते, वास कळेनासा होतो. औषधांनी भूक मरते. दात नसतात, पोट साफ नसतं, मन लागत नाही. वय झालंय हो.

वय झालंय! दोन शब्दांत अख्खा माणूस निकालात निघतो. तरुण पोरगा दोन दिवस जेवला नाही तर घर डोक्यावर घेतात, आणि म्हाताऱ्यानं आठ दिवस ताट परत पाठवलं तर भुकेचं सिरप लिहून देतात.

"ते म्हणतात, जेवण झालंय," रुद्राणी म्हणाली. "आणि डॉक्टर, ढेकराला वास येतो. हुग्गीचा."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमची झोप झाली नाही, ताई."

मग तिनं फाइल उघडून पाहिली. आहाराच्या रकान्यात रोज दुपारी निळ्या शाईनं लिहिलं होतं: पूर्ण. पूर्ण. पूर्ण. ती परिचारिकेवर तुटून पडली. दामिनी सिस्टर शांतपणे म्हणाली, "मी आजोबांना विचारते, जेवलात का. ते हो म्हणतात. मी लिहिते. खोटं काय लिहिलं?"

खोटं काहीच नव्हतं. वजनाच्या रकान्यात मात्र आकडे उतरत होते. बासष्ट. साठ. सत्तावन्न.

चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला वेळ टिपून ठेवायची सवय असते. तिनं वही काढली. सात मे, दुपारी एक दहा, 'झालंय'. ती अप्पांच्या कानाशी वाकली.

"अप्पा, काय जेवलात?"

"भाकरी. लाल मिरचीचा ठेचा. चिंचेचं सार." डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर तृप्ती. "तूप हात सोडून वाढलं होतं."

"कुणी वाढलं?"

"म्हातारी हाय एक. हिरवं लुगडं. वाढती आन् तोंड फिरवून बसती. बोलत न्हाई."

"कुठं?"

अप्पांच्या कपाळावर आठी पडली. वर पंखा कुरकुरत होता.

"तिथं… उजेड कमी हाय, पोरी. बसूनच जेवावं लागतं. पाय पसराया जागा न्हाई."

तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. काही कळलं नाही, पण लिहून घेतलं. आठ तारखेला पिठलं. नऊला वांग्याची भाजी. अकराला परत हुग्गी. दर वेळी एक वाजून दहा मिनिटं. वजन पंचावन्न. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. सलाइन लावली तर नस सापडेना. बाराला डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर आठ-दहा दिवस. फार तर.

तेरा मेच्या सकाळी ती अप्पांचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची डबी होती. तिच्यात इष्टलिंग. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की लिंग त्याच्या अंगावर येतं आणि मरेपर्यंत ते अंगावरच राहतं. सकाळी त्याची पूजा, मग अन्न. पूजेशिवाय घास नाही. पाठ मोडल्यापासून अप्पांना पूजेला मांडी घालून बसता येत नव्हतं; ते नुसती डबी डोळ्यांना लावायचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

फडकं फिरवताना रुद्राणीचा अंगठा डबीवरून गेला आणि थांबला. डबी गुळगुळीत होती.

अप्पांच्या डबीला हरभऱ्याएवढा खड्डा होता. भूकंपात अंगावर आलेल्या दगडाचा. तो दगड डबीवर बसला म्हणून छातीचं हाड वाचलं, ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती. कितीदा तरी त्या खड्ड्यात बोट घालून ऐकली होती.

ही डबी अप्पांची नव्हती.

तिनं तारीख आठवली. दोन मे. एमआरआय. सहा नंबर आणि सात नंबर, दोन्ही म्हाताऱ्यांना एकाच वेळी तळमजल्यावर नेलं होतं. अंगावर धातू चालणार नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. अप्पांनी डबी मुठीत धरली आणि सोडेनात. "जलमात काढली न्हाई. ढिगाऱ्यात काढली न्हाई." त्यांची मूठ उघडली कुणी? रुद्राणीनं. "अप्पा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. सगळे खोळंबलेत." शेजारच्या खाटेवरचे अण्णारावही लिंगायतच, कंधारचे, त्यांच्या मुलानंही त्यांची डबी काढली. दोन्ही डब्या एकाच स्टीलच्या ट्रेमध्ये पडल्या. तपासणी झाल्यावर तिला आगारात हजेरी लावायची घाई होती. तिनं ट्रेमधली एक डबी उचलली आणि अप्पांच्या गळ्यात घातली.

"जड लागतंय गं," अप्पा म्हणाले होते.

"काही जड नाही," ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णाराव गेले. चार महिन्यांपासून त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. ते गेले तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, वय झालं होतं.

लिंगायत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच पुरतात. डाव्या हातात त्याचं इष्टलिंग ठेवतात.

रुद्राणीनं वही उघडली. 'उजेड कमी आहे. बसूनच जेवावं लागतं. पाय पसरायला जागा नाही.' अक्षर तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं, अहमदपूरमार्गे, ती कंधारला गेली. अण्णारावांचं घर गावाबाहेर, किल्ल्याच्या पाठीमागच्या रस्त्याला. मुलगा संगमेश दारातच भेटला. त्यानं तिला लगेच ओळखलं.

"ताई, तुमी? आज्जा कसं हायत?"

"जेवत नाहीत."

आतून एक म्हातारी बाहेर आली. महादेवी, अण्णारावांची बायको. अंगावर हिरवं लुगडं. हातात झाकलेलं ताट. लग्नातली लुगडी नेसून संपवायची म्हणून नेसते, असं तिनं न विचारताच सांगितलं. मग म्हणाली, "बस पोरी. मालकाला ताट ठेवून येते. दवाखान्यात उपाशी गेला माझा मानूस. आता रोज नेऊन राहिले."

"रोज? किती वाजता?"

"गावातला दुपारचा भोंगा झाला की निघते. जाईस्तवर एक वाजतोय."

रुद्राणी तिच्यामागून निघाली. शेत नांगरून पडलेलं, ढेकळांवरून उन्हाची झळ नाचत होती. बांधाजवळ, अण्णारावांना बसवलं होतं तिथं, सिमेंटचा नवा कट्टा होता. पावसाच्या आत व्हावा म्हणून संगमेशनं तो पाचव्या दिवशीच बांधून घेतला होता. महादेवीनं कट्ट्यावर ताट ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि पाठ करून बसली. रुद्राणीनंही पाठ केली.

"काय केलंय आज?" रुद्राणीनं हळूच विचारलं.

"भाकरी. शेपूची भाजी. परवा हुग्गी केली होती."

"परवा नाही, आक्का. अकराला. त्याआधी सहाला. आणि सातला चिंचेचं सार."

महादेवीनं मान वळवली नाही. पण तिचा श्वास थांबलेला रुद्राणीला कळला.

"तुला कुनी सांगितलं?"

रुद्राणी उत्तर देणार, तेवढ्यात मागून आवाज आला. बारीक. स्टीलवर पाण्याची धार पडावी तसा. मग बोट फिरवल्याचा, खळखळ… मग एक घोट. भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, तिच्या मानेवर काटा उभा राहिला. तो आवाज तिनं तीस वर्षं रोज ऐकला होता. तिच्याच स्वयंपाकघरात.

दोघी वळल्या तेव्हा ताट कट्ट्यावर होतं. स्वच्छ, धुतलेलं, तळाशी पाण्याचे चार थेंब.

"कावळा असेल…" रुद्राणी म्हणाली. आपण असं का म्हणालो, तेही तिला कळलं नाही.

"मीबी आदी तसंच म्हनले," महादेवी कुजबुजली. "पर कावळा ताट धुतोय का? आन् खरं सांगू का, पोरी… मालकबी ताट धुवत नव्हता. पन्नास वर्सं भांडले त्याच्यासंगं. भाकरीचं काठ काढायचा, ताटाच्या कडंनं मांडून ठेवायचा, आन् 'तूप कमी घातलंस' म्हनत तसाच उठायचा. मला वाटलं, मेल्यावर तरी सुदरला."

रुद्राणीनं सगळं सांगितलं. ट्रे, डब्या, घाई. गुळगुळीत डबी दाखवली. महादेवीनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि छातीशी धरली. खूण पटली होती.

संगमेश मात्र ऐकायला तयार होईना. "कट्टा फोडायचं नाव काढू नका, ताई. बसवलेल्या मानसाला उठवायचं न्हाई. आमच्या सात पिढ्यांत कुनी उठवलं न्हाई."

"माझा माणूस अजून जिवंत आहे!"

"मग त्याला खाऊ घाला की. आमच्या बापाला कशाला हात लावता?"

भांडण वाढलं, मग विझलं. म्हातारी तेवढा वेळ ताट पदरानं पुसत बसली होती. शेवटी तीच बोलली, आणि डबी रुद्राणीला परत दिली.

"असू दे तुझ्या बापाच्या गळ्यात. उघड्या गळ्यानं ठेवू नगंस. आन् ऐक. तुझ्या बापाची भूक हितं येऊन राहिली आसंल, तर मी ताटच ठेवत न्हाई. हितं मिळालं न्हाई तर जाईल की घरला."

रुद्राणीला ते पटलं. का पटू नये? उपाशी माणूस जिथं अन्न आहे तिथं जातो. तिनं महादेवीचे पाय धरले आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परतली.

पंधरा मेला अप्पा दिवसभर गप्प होते. 'झालंय' म्हणाले नाहीत, 'नाही' म्हणाले नाहीत. फक्त एकदा, एक वाजून दहा मिनिटांनी, त्यांनी तोंड उघडलं आणि कुणाची तरी वाट बघावी तसं दाराकडे बघत राहिले. अर्ध्या तासानं तोंड मिटलं.

सोळा मेला अयोध्याबाईची गाडी दारात आली तशी खाटेवरून हाक आली.

"भूक लागली!"

अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. अप्पा कोपरांवर उठून बसायला बघत होते. रुद्राणीनं पाठीशी उशा लावल्या. त्यांनी ताट ओढून घेतलं आणि जेवले. भाकरी मागितली, दुसरी मागितली. अयोध्याबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आता बगा आज्जा, रुग्णालय बुडवता का काय आमचं!" रुद्राणी हसली आणि हसता हसता तोंड झाकून रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. बाप वाचला होता.

डोळे पुसून तिनं ताट उचलायला हात पुढे केला.

ताटाच्या कडेनं भाकरीचे काठ मांडून ठेवलेले होते. एकाला एक लावून, गोल. मध्ये भाजी तशीच टाकलेली. तांब्याला हात लागला नव्हता.

"अप्पा… ताट धुवायचं राहिलं."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे तेच. मोतीबिंदू तोच. पण परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं ते म्हणाले, "बाई, जरा प्यायाचं पाणी देता का? आन् आमच्या घरला फोन लावा. गाडी कवा हाय कंधारला?"

गाडी केव्हा आहे हे रुद्राणीला तोंडपाठ होतं. तिनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढं धरलं.

डॉक्टर खूश होते. सिरपनं काम केलं. आणि म्हाताऱ्या माणसांचा असा गोंधळ होतोच, आजारपणानंतर नावं विसरतात, गावं विसरतात, घरी गेले की ताळ्यावर येतात. वीस मेला घरी सोडलं. शेवटच्या कागदावर लिहिलं होतं: भूक पूर्ववत. वजन छप्पन्न, वाढत आहे.

घरी ते दोन वेळा जेवत. रोज काठ मांडत. रोज अर्धं टाकत. खड्ड्याची गोष्ट तिनं काढली तर म्हणाले, "कसला भूकंप, बाई? आमच्याकडं भिंतीबी हालल्या न्हाईत." रात्री ती दाराला आतून कडी घालून झोपू लागली, आणि बापाच्या भीतीनं आपण कडी घालतो याची तिला सकाळी लाज वाटायची.

चोवीस मेला तिनं महादेवीला बोलावून घेतलं. म्हातारी आली, दारातच पदर सावरून उभी राहिली. रुद्राणीनं तिच्याच हातात ताट दिलं. "तुम्ही वाढा, आक्का."

महादेवीनं ताट पुढे ठेवलं. म्हाताऱ्यानं एक घास घेतला, चावला. मग मान वर न करता म्हणाला,

"तूप कमी घातलंस."

महादेवीच्या हातातली वाटी खाली पडली. ती भिंतीला टेकून तशीच घसरत बसली.

"पोरी… ह्यो कोन हाय?"

रुद्राणीनं ते ऐकलंच नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घण घालत होतं.

"आक्का, तिकडं… ताट?"

"तूच म्हनलीस न्हवं, ठेवू नका… नऊ दिस झालं."

नऊ दिवस. अप्पांनी एक दिवस कधी उपास केला नव्हता. शिवरात्रीलासुद्धा फराळ करून तिप्पट खायचे. अंधारात, मांडी घालून, पाय पसरायला जागा नाही अशा ठिकाणी ते रोज एक वाजून दहा मिनिटांनी वर बघत असतील, आणि वर कुणी येत नसेल. आणि हे करायला सांगितलं होतं तिनंच. मूठ तिनं उघडली. डबी तिनं बदलली. ताट तिनं थांबवलं.

रात्रभर तिनं गहू भिजवले, कांडले, शिजवले. पहाटे महादेवीला म्हाताऱ्याजवळ ठेवून ती पहिल्या गाडीनं निघाली. मांडीवर डबा गरम होता. कंधारच्या थांब्यावर संगमेश आला होता. या खेपेला तो भांडला नाही. आईनं फोनवर काय सांगितलं असेल ते असेल, त्याचा चेहरा उतरलेला होता.

एक वाजायला पाच मिनिटं असताना तिनं कट्ट्यावर ताट मांडलं. हुग्गी, त्यावर हात सोडून तूप. भाकरी, ठेचा, दही. तांब्या काठोकाठ भरून ठेवला. मग पाठ करून बसली. संगमेश तिच्या शेजारी बसला. चव्वेचाळीस अंश ऊन होतं. पाखरू नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "मी आहे. रुद्राणी. जेवून घ्या."

एक वाजून दहा झाले. काही ऐकू आलं नाही. सव्वा. दीड. संगमेशच्या ओठांवर मीठ साचलं होतं. पावणेदोनला एक आवाज आला. पाण्याचा. फार हलका, फार थकलेला. ताट धुताना व्हायचा तसा नाही. काहीतरी लहानसं धुवावं तसा… मग टेकवल्याचा, टक.

ती मागे वळली.

ताट भरलेलं होतं. हुग्गीला बोट लागलेलं नव्हतं, तूप वितळून कडेला उतरलं होतं. तांब्यातलं पाणी चार बोटं उतरलं होतं. आणि ताटात, भाकरीवर, चांदीची एक डबी ठेवलेली होती. तिच्यावर हरभऱ्याएवढा खड्डा होता.

संगमेशनं त्याच वेळी मोबाइलवर कट्ट्याचे फोटो काढले. चारी बाजूंनी. सिमेंट अखंड आहे, कुठं तडा नाही, बांधणाऱ्या गवंड्याच्या थापीच्या खुणासुद्धा तशाच आहेत. भोवतीच्या मातीत त्या दोघांच्या आणि महादेवीच्या जुन्या-नव्या पावलांशिवाय दुसरं पाऊल नाही. रुद्राणीनं त्यानंतर सलग सात दिवस तिथं ताट नेलं. सातही दिवस ते भरलेलं परत आलं.

लातूरच्या घरी म्हातारा दोन वेळा जेवतो. वजन एकसष्ट. त्याच्यापुढं ती डबी धरली तर तो हात मागे घेतो आणि म्हणतो, ही आमची न्हाई. मग ती कुणाच्या गळ्यात बांधायची, हे रुद्राणीनं मठातल्या अय्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, संगमेशला विचारलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

पंचवीस मेला, अशा उन्हात, ती डबी तिनं ताटातून उचलली तेव्हा तिच्यावर मातीचा कण नव्हता. ती ओली होती.